लिंकगुरुजी

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही यांच्या खाली, एक जाडजूड वही असते. तपकिरी कव्हर, त्यावर मार्करने लिहिलेलं : 'ऑनलाइन साधने (मोफत)'. आत पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रमांक, दिनांक, संकेतस्थळाचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद. 'छान आहे, पण सातव्या दिवशी पैसे मागते.' 'मुलांना आवडले. मला कळले नाही.' 'कोंबडी चालते, परंतु मराठी टाइप केल्यास चौकोन दिसतात.' 'उत्तम! अति उत्तम!! (सध्या बंद.)' एका ओळीत नुसतंच 'फसवले' एवढं लिहिलंय, कुणी आणि कसं ते नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी बाकीच्या दप्तराबरोबर ही वहीही पुढ्यात ओढली आणि हाताच्या सवयीने पानापानाखाली 'पाहिले' लिहून सह्या ठोकल्या. तेव्हापासून आमचे पासवर्ड हे शासकीय दप्तर झालं. त्यात खाडाखोड करायची तर पुन्हा साहेबांची सही आणावी लागेल, म्हणून ते बदलत नाहीत. चौथीतल्या पोरांनासुद्धा ते तोंडपाठ आहेत, पाढ्यांपेक्षा पक्के.

या वहीचे कर्ते म्हणजे आमचे लिंकगुरुजी. त्यांचं खरं नाव सेवाज्येष्ठता यादीत सुखरूप आहे, पण गावात ते कुणी वापरत नाही. शाळा सोलापूर जिल्ह्यात, बार्शीकडची, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. गुरुजींना काहीही विचारा, हरभऱ्यावरची घाटेअळी असो नाहीतर आजोबांचा दमा, उत्तर एकच : "थांबा, लिंक टाकतो." आणि टाकतात. गावातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांच्या लिंका आहेत. त्या उघडलेल्या कुणाच्या पाहण्यात नाहीत.

नवख्याला वाटतं, माणूस चिकट असणार, फुकट ते पौष्टिक अशा जातीचा. तसं मुळीच नाही. टपरीवर चहाचे पैसे कायम तेच देतात. प्रोजेक्टरचा दिवा गेला तेव्हा पुण्याहून स्वतःच्या पैशाने आणला. फुकटाच्या पायी त्यांचे वर्षाकाठी किती जातात हे फक्त वहिनींना ठाऊक आहे, आणि वहिनींसमोर आम्ही तो विषय काढत नाही. मोफत मुदत संपली की नवं खातं, नव्या खात्याला नवा नंबर. स्वतःचे दोन नंबर संपले, वहिनींचा संपला, तेव्हा गुरुजींनी सासऱ्यांचा नंबर दिला. आता सासरे रात्री दहाला उठून फोन करतात, "चार, सात, सात, शून्य, दोन, नऊ" असं वाचून दाखवतात आणि ठेवून देतात. सासरा-जावयाचं बोलणं तेवढंच उरलंय, पण नियमित आहे.

हे सगळं सुरू कसं झालं त्याला इतिहास आहे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि शिक्षकांत 'तंत्रस्नेही' ही नवी पोटजात निघाली. तोवर शिक्षक दोन प्रकारचे असत, शिकवणारे आणि संघटनेचे. तंत्रस्नेही हा तिसरा. त्याच्या गळ्यात पेनड्राइव्ह, पाठीला लॅपटॉप, आणि शिक्षण परिषदेत त्याला पुढची खुर्ची. आमच्या गुरुजींना ती खुर्ची मिळाली आणि मग ते उठलेच नाहीत. पुढे २०२० च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. १० लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या उरलेल्या ९ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचं त्यांचं काम जगभर गाजलं. जिल्ह्यातल्या एकेका शिक्षकाला त्या आठवड्यात घरी, पारावर, सोसायटीत एकच प्रश्न : "मग गुर्जी, तुमचं कधी?" आम्ही हसून वेळ मारून नेली. लिंकगुरुजींनी प्रिंटर घेतला.

त्यानंतर शाळेत जे जे स्थिर होतं त्याला क्यूआर कोड लागला. लिंबाच्या झाडाला लागला, पाण्याच्या टाकीला लागला, घंटेला लागला. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर लागला, तो स्कॅन केला की हात धुण्याचा व्हिडिओ. शाळेत मुलांना फोन आणायला बंदी असल्यामुळे स्कॅन कुणी केला नाही, ही बाब वेगळी. लिंबाचा कोड शेळीने खाल्ला. पण फाटकावरचा टिकला, आणि त्यानेच घोटाळा केला. गुरुजींना क्यूआर म्हणजे ज्ञान. गावाला क्यूआर म्हणजे पैसे देणं, दूध डेअरीपासून पानटपरीपर्यंत. शाळेच्या रंगरंगोटीला लोकवर्गणी मागितल्यावर एक आजोबा फाटकावर फोन धरून बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी आत येऊन म्हणाले, "गुर्जी, ५१ रुपये पाठवायलोय, तर बेडूक यायलाय."

बेडकाचं जीवनचक्र. सहावी, विज्ञान.

परदेशी संकेतस्थळांशी गुरुजींचे संबंध जिव्हाळ्याचे, पण पत्त्याचा प्रश्न पहिल्यापासून आहे. खातं उघडताना तिथे राज्य विचारतात आणि यादी अमेरिकेची असते. महाराष्ट्र शोधून सापडला नाही, तेव्हा गुरुजींनी पहिलंच नाव दाबलं. त्यामुळे निदान एका कंपनीच्या दप्तरी आमची जिल्हा परिषद शाळा अलाबामात आहे. त्यांची पत्रं नियमित येतात आणि गुरुजी ती मनापासून वाचतात. ऐन मे महिन्यात, उन्हाने पत्रे तडकत असताना, गुरुजी शिक्षक ग्रुपवर इशारा टाकतात : उन्हाळी चक्रीवादळात वर्गाने कुठल्या खोलीत बसावे. बर्फ पडून शाळा बंद राहिल्यास मुलांना घरी काय द्यावे, याचाही तक्ता आमच्याकडे तयार आहे. तो सूचनाफलकावर लावलाय. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांना तो वाचून बरं वाटतं.

महामारीत जेव्हा सगळे शिक्षक झूमवर आले, तेव्हा फुकटची बैठक ४० मिनिटांत आपोआप मिटते म्हणून सगळीकडे कुरकुर होती. लिंकगुरुजी तेवढे खूश. "आपला तास पस्तीसचा," ते म्हणाले, "पाच मिनिटं हजेरीला. त्या लोकांनी बरोबर विचार करून ठेवलंय." जगात कुठे काही फुकट मिळालं तर ते आमच्या वेळापत्रकाला डोळ्यांसमोर ठेवूनच केलेलं असतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. हिला मी धार्मिकच म्हणेन.

पण त्यांचा खरा अवतार पाहायचा तर कहूटच्या दिवशी. हा नॉर्वेकरांचा प्रश्नमंजुषेचा खेळ, २०१३ पासूनचा. प्रश्न मोठ्या पडद्यावर येतो आणि हातातल्या फोनवर फक्त चार रंग : लाल त्रिकोण, निळी चौकट, पिवळा गोल, हिरवा चौकोन. बरोबर रंग जो लवकर दाबेल त्याला गुण जास्त. वर घाई करायला लावणारं संगीत. आता एवढ्या खेळाला फोन हवेत. गुरुजींनी परिपाठाला जाहीर केलं की उद्या ज्याला जमेल त्याने घरचा स्मार्टफोन आणावा, लेखी परवानगी आहे. दुसऱ्या दिवशी फोन आले. त्यातले बरेच मालकासकट आले. बाप लोक फोन सोडायला तयार नव्हते, कुणाला डेअरीचा मेसेज येणार होता, कुणाला ट्रॅक्टरवाल्याचा फोन. मग पाचवीच्या वर्गात पोरं पुढे आणि बाप मागे, भिंतीला टेकून, अशी मांडणी झाली.

विषय भागाकार. गुरुजींनी स्पीकर लावला. ते संगीत पत्र्याखाली असं काही घुमलं की पारावरून दोघेजण वरात कुणाची म्हणून बघायला आले आणि तेही बसले. पहिला प्रश्न पोरांनी सोडवला. दुसऱ्याला एका पोराच्या बापाने खांद्यावरून हात घालून पिवळा दाबला. तिसऱ्यापासून पोरगं नुसतं फोन धरून होतं. "८४ भागिले ७" वर तो गडी ओरडला, "बारा! बारा! गोल कुठाय?" मधेच त्याच फोनवर खरोखर डेअरीचा फोन आला. त्याने तो कापला. आमच्या गावात दूधवाल्याचा फोन कापलेला मी प्रथमच पाहिला. शेवटी पडद्यावर पहिल्या तिघांची नावं पायऱ्यांवर चढतात, तिथे मुलाच्या नावाने बाप दुसरा आला. पहिली आलेली पोरगी चौथीची होती, ती दप्तर विसरलं म्हणून बहिणीकडे आली होती.

त्या माणसाने सातवीत शाळा सोडली होती, गणितापायीच. जाताना गुरुजींना म्हणाला, "उद्या काय घेणार हाय?" गुरुजींनी वहीत शेरा मारला : 'पालक सहभाग १०० टक्के. विद्यार्थी सहभाग वाढवणे आवश्यक.'

फोनची ही ओढाताण संपवली ती प्लिकर्सने. यात पोरांच्या हाती फोन लागतच नाही, फक्त कागद. प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्या चौकटींचं एक कार्ड, प्रत्येकाचं नक्षीकाम वेगळं, चार कडांना चार बारीक अक्षरं. उत्तर 'ब' वाटलं तर 'ब'ची कड वर करून कार्ड धरायचं. गुरुजी एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात आणि कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते फोनवर उमटत जातं. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, त्याचं कार्ड वेगळं. हे साधन मात्र मला मनापासून पटलं, आणि मी सहसा पटवून घेणारा माणूस नाही. आमच्यात एक मुलगा आहे, वर्गात तोंड उघडायचा नाही म्हणजे नाही. त्याचं कार्ड पहिल्या दिवसापासून वर असायचं. बहुतेकदा चुकीची कड वर असायची, पण असायची.

गुरुजी एकदा केंद्रावर बैठकीला गेले तेव्हा पाचवीच्या पोरांनी आपणच फळ्यावर प्रश्न लिहून काढला. 'खेळाचा तास कधी घ्यावा? अ) आत्ता ब) लगेच क) गणिताच्या जागी ड) वरील सर्व.' आणि कार्डं वर करून बसली. मी दारात गेलो तर पंचवीसेक कार्डं माझ्याकडे रोखलेली. मला ती नक्षी वाचता येत नाही, पण निकाल कळला. मैदानावर सोडली.

विजेचा धडा हा स्वतंत्र प्रकार आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने, २००१ चं नोबेल मिळाल्यावर लगेचच २००२ साली, फेट नावाचा प्रकल्प काढला. पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, पूर्ण मोफत. मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. गुरुजींच्या वहीत फेटपुढे शेरा आहे, 'अजून पैसे मागितले नाहीत. लक्ष ठेवणे.' त्यात तार, बॅटरी, दिवा, स्विच अशी सामग्री असते. ओढायची, जोडायची, दिवा लागतो. आणि तार थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांना जोडली तर बॅटरी पेटते, चांगल्या ज्वाळा निघतात. हा शोध पोरांना लागल्यावर दिवा लावण्यात कुणालाच रस उरला नाही. रांग लावून एकेकाने बॅटरी पेटवली. एकाने तीन पेटवल्या. सातवीच्या पोरीने एकच प्रश्न विचारला, "गुर्जी, आपलं मीटर असंच जळालतं का?"

तिचा प्रश्न गैर नव्हता. बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडलेली होती आणि हा सगळा विद्युत परिपथाचा पाठ लॅपटॉपमध्ये उरलेल्या चार्जिंगवर चालला होता. तीन टक्क्यांवर आल्यावर गुरुजी म्हणाले, "राहिलेल्यांनी उद्या पेटवा." रात्री लॅपटॉप सरपंचांच्या घरी चार्ज झाला.

शाळेत एक जुन्या बाई आहेत, निवृत्तीला टेकलेल्या. चिंचोके, काड्या, बांगड्यांचे तुकडे यांवर त्यांच्या हाताखालून पिढ्या बेरीज शिकून गेल्या. त्यांचं आणि गुरुजींचं पटत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. "चिंचोक्याला रेंज लागत नाही," असं बाई मोठ्याने म्हणतात, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर पदराने चष्मा पुसत गुरुजींच्या टेबलाशी येतात. "तेवढं माझं भरून द्या की." कारण चिंचोके कुठल्याच पोर्टलवर अपलोड होत नाहीत.

आणि शाळेचं खरं ऑनलाइन काम तेच आहे. पगारबिल शालार्थमध्ये, शाळेची माहिती यू-डायस प्लसवर, प्रत्येक पोराचं आधार जुळवायचं, अपार आयडीला पालकांची संमती घ्यायची, आज खिचडी किती जणांनी खाल्ली त्याचा आकडा रोजच्या रोज. पोराचा बाप ऊसतोडीला कर्नाटकात, त्याचा नंबर बदललेला, नव्या नंबरावर ओटीपी मागायचा, तो फडात असतो, त्याला ओटीपी आणि मेसेजमधली जाहिरात यांतला फरक फोनवर समजवायचा, तोवर मुदत संपते. एखादं पोर्टल दिवसा उघडतच नाही. केंद्रातले निम्मे शिक्षक आपापली युजर आयडी कागदावर लिहून लिंकगुरुजींना देऊन गेलेत. ते रात्री शाळेच्या टाकीजवळच्या चौथऱ्यावर बसतात, कारण रेंज तिथेच येते. चकती फिरत राहते. मग लाल अक्षरं. पुन्हा भरा.

मी एकदा अडकलेल्या फॉर्मसाठी त्यांच्याबरोबर बसलो होतो. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी ते काम गेलं, गेलं म्हणजे 'सबमिट' झालं, आणि त्याबद्दल पडद्यावर कुणी काही म्हटलं नाही. आमच्या खात्यात शाबासकीला नमुना नाही. मला वाटलं आता झोपायला जाणार. त्यांनी लॅपटॉप मिटला नाही. एक नवीन मोफत साधन उघडलं, सकाळीच नोंदवलेलं. उघडल्याबरोबर वर त्यांचं नाव आलं, पूर्ण नाव, आडनावासकट, पुढे 'वेलकम बॅक'. त्यांनी एक लुटुपुटीचा प्रश्न तयार केला, 'महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?' आणि स्वतःच उत्तर दिलं, शेकरू. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले, झिरमिळ्या पडल्या, आणि मोठ्या अक्षरांत 'ऑसम!' गुरुजी गालातल्या गालात हसले. सरकारी नोकरीची बावीस वर्षं झालेला माणूस. मग टॉर्चच्या उजेडात वही उघडून शेरा लिहिला. मी वाकून पाहिलं. 'स्वभावाने चांगले.'

त्या दिवसानंतर त्यांच्या श्रद्धांजल्यांवर मी हसणं कमी केलं. हो, श्रद्धांजल्या. जगातलं एखादं शैक्षणिक संकेतस्थळ बंद पडलं की गुरुजी ग्रुपवर बॅनर टाकतात. काळी चौकट, दोन समया, मधोमध कंपनीचं चिन्ह. २०२२ च्या सप्टेंबरात एडमोडो बंद झालं तेव्हा 'एडमोडो यांना भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाकलं होतं. खाली सवयीने चाळीसभर लोकांनी हात जोडले. कुणीतरी 'ईश्वर कुटुंबियांना बळ देवो' लिहिलं. सरपंचांनी खासगीत विचारलं, "कुठल्या गावचे? मातीला जाणं जमलं नाही." २०२४ च्या अखेरीस गूगलचा जॅमबोर्ड गेला, त्या दिवशी ३१ डिसेंबर असल्याने गावातली बाकीची मंडळी वेगळ्या दुःखात किंवा सुखात होती. गुरुजींनी तरीही समया लावल्या.

हल्ली त्यांच्या वहीत एआयचा स्वतंत्र भाग उघडलाय, पानाला खूण म्हणून मोराचं पीस. मागच्या आठवड्यात ते मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आले ते जवळजवळ धावत. नवं साधन सापडलं होतं. धड्याचं नाव टाकलं की टाचण, चाचणी, शैक्षणिक साहित्याची यादी, सगळं क्षणात, तेही मराठीत. टाचणाचं नाव काढताच आम्ही सगळे सरसावून बसलो. टाचण लिहिणं कुणाला आवडतं? बाईंनी चष्मा लावला. पडद्यावर इतिहासाचं टाचण सरसर उतरलं, भाषा सुरेख, उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, सगळं जागच्या जागी. शिवनेरी तेवढा समुद्रात गेला होता.

"तो आपण हाताने जमिनीवर आणू," गुरुजी म्हणाले. "बाकी बघा ना काम! आणि पहिला महिना संपूर्ण मोफत. फक्त कार्डाचा नंबर टाकायचा आहे. पैसे कापत नाहीत म्हणतायत, नुसतं खात्रीसाठी. माझं कार्ड ह्यांनी घेतलं नाही. सर, तुमचं आहे का खिशात?"

मला नेमकं तेव्हाच सहावीच्या वह्या तपासायच्या आठवलं. क्रीडाशिक्षक शिट्टी शोधायला बाहेर पडले, ती त्यांच्या गळ्यातच होती. "माझं कार्ड ह्यांच्याकडे असतं," बाई म्हणाल्या, "आणि हे पंढरपूरला गेलेत," आणि चिंचोक्यांचा डबा काखोटीला मारून त्याही निघाल्या. मुख्याध्यापकांनी समोरची जुनी परिपत्रकं फार लक्ष देऊन वाचायला घेतली.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी पळी हातात घेऊन दारात आल्या, आज खिचडीला पोरं किती धरायची ते विचारायला. गुरुजींनी लॅपटॉपवरून मान वर केली.

"बरं झालं आलात. मावशी, तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे हो?"